लातूर-नांदेडहून स्ट्रक्चरल कॉन्फरन्सला जाताना

२००४ साली मी पहिल्यांदा एका मोठ्या स्ट्रक्चरल कॉन्फरन्सला, म्हणजे इमारतींच्या मजबुतीचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरांच्या परिषदेला, गेलो. लातूरला डिझाइनचं ऑफिस टाकून दोन वर्षं झाली होती. दीड दिवस मी एकाही अनोळखी माणसाशी बोललो नाही. व्याख्यानं ऐकली, वही भरली, जेवणाच्या वेळी ताट घेऊन भिंतीकडेला उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारी उभ्या असलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी माझ्या गळ्यातलं कार्ड वाचलं आणि विचारलं, "लातूर? मग मला सांगा, १९९३ च्या भूकंपानंतर ज्या दगडी भिंतींमध्ये दोन्ही बाजू जोडणारे काँक्रीटचे आरपार बांध घातले होते, ते आज कसे आहेत? लोकांनी ठेवलेत की भिंतीच पाडल्या?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या भूकंपाचं किल्लारी माझ्या ऑफिसपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. त्या रस्त्यानं मी कितीदा साइटवर गेलो असेन, पण दुरुस्त केलेल्या एकाही घराच्या भिंतीला हात लावून पाहिला नव्हता. मी तिथं ज्ञान घ्यायला गेलो होतो, आणि त्या माणसाला माझ्याकडूनच काहीतरी हवं होतं.

त्या दुपारनंतर माझी कॉन्फरन्सला जायची पद्धत बदलली. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत छोटी डिझाइन ऑफिसं चालवणारे, त्यांत नोकरी करणारे किंवा नुकतं एम.टेक. झालेले तरुण मला नेहमी विचारतात, की जाऊन उपयोग काय. उपयोग होतो, पण बॅग भरण्याच्या कितीतरी आधीपासून तयारी करावी लागते.

कुठं जायचं ते आधी ठरवा

सगळ्या कॉन्फरन्स एका जातीच्या नसतात. रुरकीला दर चार वर्षांनी भरणारं भूकंप अभियांत्रिकीचं सिम्पोझियम किंवा दोन वर्षांनी होणारं स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग कन्व्हेन्शन इथं संशोधनाचा भर मोठा असतो. इंडियन काँक्रीट इन्स्टिट्यूट, मुंबईची इंडियन सोसायटी ऑफ स्ट्रक्चरल इंजिनिअर्स, दिल्लीची इंडियन असोसिएशन ऑफ स्ट्रक्चरल इंजिनिअर्स यांच्या कार्यक्रमांत रोज ड्रॉइंगवर सही करणारी माणसं जास्त भेटतात. ज्यानं ऑफिसात दोन-तीन वर्षं काम केलंय त्यानं आधी दुसऱ्या प्रकारच्या कार्यक्रमाला जावं, असं माझं मत आहे. तिथले प्रश्न ओळखीचे वाटतात आणि बोलायला तोंड उघडतं. संशोधनाच्या परिषदेला स्वतःचा पेपर घेऊन जाण्यात जास्त अर्थ आहे.

कॉन्फरन्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुणे-मुंबईच येते. नांदेड, उदगीर, देगलूरच्या माणसाला हैदराबाद त्याहून जवळ पडतं. शिवाय पहिला अनुभव म्हणून संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा नांदेडच्या एसजीजीएस अभियांत्रिकी संस्थेत एखादं एका दिवसाचं व्याख्यानसत्र असेल तर ते अजिबात चुकवू नका. चाळीस माणसांच्या खोलीत एकदा प्रश्न विचारलेला असला की चारशेंच्या सभागृहात हात वर करताना छाती कमी धडधडते.

एक सावधगिरी. ॲबस्ट्रॅक्ट (पेपरचा सारांश) पाठवल्यावर दोन दिवसांत 'स्वीकारला, फी भरा' असा मेल आला, आणि त्याच परिषदेत व्यवस्थापन, औषधशास्त्र, संगणक आणि स्ट्रक्चर सगळंच असेल, तर तिकडं फिरकू नका. समितीतल्या एखाद्या प्राध्यापकाला सरळ मेल करून विचारा, "सर, तुमचं नाव यादीत आहे, हे बरोबर आहे ना?" मागच्या वर्षी छापलेले पेपर बघायला मागा. खऱ्या आयोजकांना या प्रश्नांचा राग येत नाही.

फी लवकर भरली तर सवलत असते, संस्थेच्या सभासदाला आणखी. बिलावर ऑफिसचा जीएसटी क्रमांक टाकून घ्या. नोकरी करत असाल तर साहेबांकडे नुसती सुट्टी आणि पैसे मागू नका. "सर, परत आल्यावर शनिवारी तासभर सगळ्यांना सांगतो आणि आपल्या चालू कामासाठी ह्या दोन गोष्टी विचारून येतो," असं लिहून द्या. मी स्वतः अशा अर्जाला कधी नाही म्हटलेलं नाही.

बहुतेक परिषदा डिसेंबर ते फेब्रुवारीत असतात आणि हाच आपला बांधकामाचा हंगाम. गाडीत बसल्यावर मिस्त्रीचा फोन येणार, 'उद्या स्लॅब टाकतो'. तारखा पंधरा दिवस आधी बांधून घ्या, आणि तुमच्या गैरहजेरीत लोखंड कोण तपासणार ते नावानिशी ठरवा.

एक प्रश्न घडवा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्यायचा आहे. कॉन्फरन्सला जाताना तुमच्या कामातून निघालेला, तुम्हाला खरंच अडलेला एक प्रश्न सोबत असावा. दोन चालतील, पाच नकोत.

प्रश्न घडवावा लागतो म्हणजे काय, ते आपल्या रोजच्या भांडणावरून सांगतो. १९९३ च्या भूकंपाच्या वेळी किल्लारीचा भाग भूकंपाच्या नकाशावर झोन एकमध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. २००२ च्या आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकात, म्हणजे कोडमध्ये, तो झोन तीन झाला. झोन तीनला आयएस १३९२० हे भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीटमधल्या लोखंडाचं मानक लागतं, आणि त्याची २०१६ ची आवृत्ती सांगते की कॉलमची किमान बाजू ३०० मिमी हवी किंवा त्यात येणाऱ्या बीमच्या सर्वांत जाड गजाच्या वीसपट, यातलं जे जास्त ते. आपला मालक म्हणतो, "कॉलम भिंतीच्या बाहेर दिसता कामा नये, नऊ इंचीच करा." म्हणजे जेमतेम २३० मिमी.

आता "झोन तीनमध्ये कॉलम किती घ्यावा?" असं विचारलं तर समोरचा म्हणेल कोड वाचा, आणि ते बरोबरच आहे. पण हेच असं मांडा: "तळमजला अधिक दोन मजल्यांचं घर आहे. बीमला १६ मिमीचे गज घेतले तर वीसपटीनं ३२० मिमीचा कॉलम लागतो. १२ मिमीवर आलो तर ३०० मध्ये बसतं, पण गजांची संख्या वाढते आणि बीम-कॉलमच्या जॉइंटमध्ये काँक्रीट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई जात नाही. तुम्ही अशा छोट्या घरांत काय करता?" हा प्रश्न ऐकून दहा वर्षं साइट पाहिलेला माणूस खुर्ची ओढून घेतो. तो कॉलम भिंतीत कसा फिरवतो, कपाटाच्या मागं कसा लपवतो, मालकाला काय सांगतो, हे सगळं बोलायला लागतो.

काळ्या मातीचंही तसंच. "काळ्या मातीत फाउंडेशन कसं घ्यावं?" याला कुणीही पाठ असलेली यादी देईल: मुरमापर्यंत खोदा, अंडर-रीम्ड (खाली फुगवटा असलेले) पाइल घ्या, नाहीतर आयआयटी मुंबईच्या डॉ. आर. के. कट्टी यांनी मांडलेला न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर द्या. त्याऐवजी सोबत न्या: किती मीटर काळी माती आहे, फ्री स्वेल इंडेक्स (माती पाण्यात किती फुगते त्याचं माप) किती आला, शेजारच्या उसाला पाटाचं पाणी कधी मिळतं, कोणती भिंत कोणत्या महिन्यात उचलते, प्लिंथ (जोत्याच्या) बीमखाली ठेवलेली मोकळी जागा पुढं कशानं भरली. भेगेचा फोटो घेताना शेजारी पट्टी धरा आणि तारीख लिहा. उन्हाळ्यात मिटणारी भेग नि वर्षभर वाढणारी भेग यांचं दुखणं वेगळं असतं, आणि जाणकार माणूस पहिल्यांदा तेच विचारतो.

हे सगळं एका कागदावर बसवा. वर हातानं काढलेलं स्केच, खाली आकडे, शेवटी एका ओळीत प्रश्न. मालकाचं आणि गावाचं नाव काढून टाका. हा कागद घडी घालून खिशात ठेवता आला पाहिजे. मोबाइलवर ड्रॉइंग दाखवता येतं, पण चहाच्या गर्दीत समोरच्याला स्क्रीन दिसत नाही. कागदावर तो स्वतःच्या पेननं रेघ मारतो. असे रेघा मारलेले कागद मी अजून फाइलला लावून ठेवलेत.

निघण्याआधी बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) पोर्टलवर संबंधित कोडची चालू आवृत्ती आणि दुरुस्त्या पाहून घ्या. भारतीय मानकं तिथून विनामूल्य उतरवून घेता येतात. जुन्या झेरॉक्सवर विसंबून सभागृहात प्रश्न विचारला तर चर्चा आवृत्तीवरच संपते.

पेपर लिहायचा असेल तर

आपल्याकडच्या मुलांना वाटतं, पेपर म्हणजे शेक टेबल (भूकंपासारखं हलवून पाहायचं यंत्र) नाहीतर मोठं सॉफ्टवेअर. त्याची गरज नाही. प्रत्यक्ष कामाचा नीट लिहिलेला अनुभव चालतो, आणि त्यासाठी लागणारा माल आपल्या भोवती पडलेला आहे. मातीत रचलेल्या दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, वर मातीचा जड थर असलेली माळवदं, गावोगावच्या गढ्या, उंच पाण्याच्या टाक्या, साखर कारखान्यांचे जुने पोलादी सांगाडे. १० जुलै २०२४ च्या सकाळी हिंगोली भागात ४.५ रिश्टरचा धक्का बसला, तो नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. त्या आठवड्यात कुणी दहा शाळांच्या भिंती पाहून भेगांची सारख्या पद्धतीनं नोंद केली असेल, तर तो पेपर आहे.

ॲबस्ट्रॅक्ट साधारण अडीचशे-तीनशे शब्दांचा असतो. त्यात चार गोष्टी सांगा: इमारत कोणती, अडचण काय, काय केलं, मोजल्यावर काय दिसलं. 'भारत हा भूकंपप्रवण देश आहे' या वाक्यानं सुरुवात करू नका. तपासणाऱ्यानं ते त्या दिवशी वीस वेळा वाचलेलं असतं. मालकाची लेखी परवानगी घ्या आणि जो अंदाज आहे त्याला अंदाजच म्हणा. तोंडी सादरीकरणाऐवजी पोस्टर मिळालं तर वाईट वाटून घेऊ नका. दहा मिनिटांच्या भाषणानंतर दोन प्रश्न येतात. पोस्टरपाशी दोन तास उभं राहिलं की वीस माणसं थांबून बोलतात.

इंग्रजीचं ओझं

हे मोकळेपणानं बोलायला हवं. आपल्यातले कितीतरी जण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले. डिझाइन पक्कं असतं, पण इंग्रजीत वाक्य जुळवायच्या भीतीनं हात वर होत नाही. मी तो दीड दिवस यामुळंच गप्प होतो.

उपाय साधा आहे. प्रश्नाचं वाक्य आदल्या रात्री लिहून काढा आणि बघून वाचा. त्यात कुणालाही कमीपणा वाटत नाही, प्रश्न मुद्देसूद असल्याचं बरंच वाटतं. सादरीकरण असेल तर ऑफिसातल्या दोघांना समोर बसवून घड्याळ लावून तीनदा म्हणा. चहाच्या वेळी हिंदी बिनधास्त चालते, आणि पुण्या-मुंबईचे निम्मे लोक तुम्ही मराठीत सुरुवात केली की स्वतःच मराठीवर येतात. कॉलम, बीम, जॉइंट, कव्हर हे शब्द सगळ्यांचे एकच आहेत.

प्रत्यक्ष दोन-तीन दिवस

वेळापत्रक हातात आलं की आदल्या संध्याकाळी त्यावर खुणा करा. एकाच वेळी तीन सभागृहांत सत्रं चालू असतात. प्रत्येक पेपरला इकडून तिकडं धावत राहिलं तर कुठलंच धड ऐकून होत नाही. अर्धा दिवस एका सभागृहात बसा. तिथली तीच तीच माणसं दिसतात आणि तिसऱ्या सत्रापर्यंत मान हलवून ओळख दिली जाते. ज्यांच्याशी बोलायचं आहे अशा तीन वक्त्यांचे पेपर आधी वाचा, निदान शेवटचं पान तरी.

सभागृहात प्रश्न विचारताना नाव, गाव, मग एक वाक्य संदर्भाचं आणि एक प्रश्नाचं, इतकंच. 'लातूर' किंवा 'धाराशिव' हा शब्द मुद्दाम उच्चारा. या क्षेत्रातल्या वयस्क माणसांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. त्यांच्यातले कित्येक त्या आठवड्यात इथं येऊन गेलेले असतात, आणि सत्र संपल्यावर तेच तुमच्याकडं चालत येतात.

मोठ्या माणसाभोवती घोळका असतो. त्यात घुसून कार्ड पुढं करू नका. पलीकडं उभं राहा, आणि संधी मिळाली की म्हणा, "नमस्कार सर, मी लातूरहून आलोय. तुम्ही सकाळी उघड्या तळमजल्याबद्दल बोललात. आमच्याकडे पार्किंगसाठी तेच होतंय. माझा दोन मिनिटांचा एक प्रश्न आहे, आत्ता विचारू की संध्याकाळी?" वेळ त्यांना ठरवू द्या. माझ्या अनुभवात बहुतेक जण 'आत्ताच विचारा' म्हणतात.

तरी खरी पुंजी मोठ्या नावांमध्ये नाही, असं मला वीस वर्षांनंतर वाटतं. ती तुमच्याच वयाच्या, तुमच्याएवढ्याच ऑफिसातून आलेल्या माणसांत आहे: सोलापूरचा, अकोल्याचा, बिदरचा इंजिनिअर. त्यालाही काळी माती आहे, नऊ इंची कॉलम मागणारा मालक आहे. रात्री अकराला स्लॅबच्या आधी शंका आली तर फोन तोच उचलतो. म्हणून जेवणाच्या टेबलावर आपल्याच कॉलेजच्या मित्रांचा गोल करून बसू नका. त्यांना तुम्ही लातूरच्या चहाच्या टपरीवर भेटणारच आहात.

माझ्या ऑफिसातल्या दोन्ही ज्युनियर मुली कॉन्फरन्सला जातात, तेव्हा शक्यतो जोडीनं आणि कार्यक्रमाच्या जागीच किंवा अगदी जवळ राहण्याची सोय करून. परतीच्या गाडीसाठी शेवटचं सत्र सोडायला लागू नये म्हणून एक रात्र जास्त धरतो. घरच्यांशी एकदा मी बोलतो. हा खर्च ऑफिसचा आहे.

प्रदर्शनातल्या स्टॉलवर पिशव्या आणि माहितीपत्रकं गोळा करण्यापेक्षा एक-दोन ठिकाणी नीट थांबा. आपल्या जालन्यात टीएमटी गजांचे कितीतरी कारखाने आहेत, तेव्हा लोखंडाच्या स्टॉलवर मराठवाड्याच्या माणसानं तयारीनंच जावं. 'एफई ५०० डी आहे का?' असा गजाचा दर्जा विचारून थांबू नका. आयएस १३९२० ला गजाची अंतिम ताकद नि यील्ड (गज कायमचा ताणला जायला लागतो ती पातळी) यांचं गुणोत्तर किमान १.१५ लागतं, तर गजांच्या आयएस १७८६ या मानकात ५०० डी साठी १.१० पुरतं. म्हणजे नुसत्या शिक्क्यावर भागत नाही. विचारा, "तुमच्या प्रत्यक्ष चाचण्यांत हे गुणोत्तर किती येतं? गेल्या काही हीट्सची (भट्टीतल्या खेपांची) प्रमाणपत्रं पाठवाल का?" विक्रीचा मुलगा गोंधळला तर त्याच्यावर चिडू नका. त्याच्याकडून कारखान्यातल्या गुणवत्ता विभागाच्या माणसाचं नाव घ्या. तीच ओळख पुढं कामाला येते.

आणखी एक दार आहे, ज्याकडं आपलं लक्ष जात नाही. कोड लिहिणाऱ्या समित्यांतली माणसं या सभागृहांत असतात. भूकंपाची मानकं बीआयएसची सीईडी ३९ ही समिती बघते. नव्या कोडचा मसुदा आधी सूचनांसाठी खुला होतो आणि कुणीही इंजिनिअर लेखी मत पाठवू शकतो. कुठला मसुदा कधी येतोय ते विचारून ठेवा. दगडी घरांचे नियम ठरताना मराठवाड्यातून पत्र गेलंच पाहिजे, हे मी मनापासून सांगतो.

कुणाचा नंबर घेतला की लगेच नावापुढं दोन शब्द टाका: 'अकोला, पाइल' किंवा 'रेट्रोफिट, दाढी'. रात्री खोलीवर आल्यावर वहीत तीन ओळी लिहा. कोण भेटलं, काय म्हणालं, मी काय पाठवायचं कबूल केलं. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची.

परतल्यावरचे पंधरा दिवस

ओळखी टिकतात किंवा मरतात त्या इथं. गाडीतून उतरल्यावर साइटचे फोन सुरू होतात आणि वही बॅगेतच राहते. म्हणून परतीच्या प्रवासातच, देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसमध्ये बसल्या बसल्या, मेल लिहून टाका. 'तुम्हाला भेटून आनंद झाला' एवढ्यावर संपवू नका. "सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे जॉइंटमधले गज १२ मिमीचे करून पाहिले, ड्रॉइंग सोबत आहे," असं काहीतरी हातात द्या. फोटो पाठवायचं कबूल केलं असेल तर चार दिवसांत पाठवा. उत्तर आलं नाही तर महिन्यानं एकदा आठवण करा, त्यापुढं नको.

ऑफिसात शनिवारचा तास घ्याच. आणि एक गोष्ट, एकच, ड्रॉइंगमध्ये बदला. मी एका वर्षी कॉलमच्या उभ्या गजांभोवतीच्या रिंगांच्या हुकावरचं सत्र ऐकून आलो आणि प्रत्येक शीटवर १३५ अंशांच्या हुकाचं मोठं चित्र टाकलं, पुढची शेपटी रिंगेच्या गजाच्या जाडीच्या सहापट, किमान ६५ मिमी. आमचे मिस्त्री म्हणाले, "सर, लोखंड जास्त लागलालंय, मालकाला तुम्हीच सांगा." मी मालकाला साइटवर बोलावलं. नव्वद अंशांचा हुक हातानं उघडून दाखवला, १३५ चा उघडेना. पुढच्या साइटवर मिस्त्रींनी मला न विचारता तसाच हुक वाकवला होता.

मिस्त्री, सेंट्रिंगवाले, ठेकेदार कॉन्फरन्सला येत नाहीत. तिथलं त्यांच्यापर्यंत तुम्हीच न्यायचं. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आसपास एखाद्या संध्याकाळी साइटवरच सतरंजी टाकून, दोन रिंगा आणि चार फोटो घेऊन बसलात तरी पुरतं.

त्या प्राध्यापकांचा प्रश्न मी तेव्हा वहीत लिहून आणला होता. नंतरच्या दोन रविवारी एका मित्राला घेऊन औसा आणि निलंगा तालुक्यांतल्या काही गावांत फिरलो. कोड सांगतो, आरपार दगड किंवा बांध उंचीत दर ६०० मिमीवर हवेत आणि आडव्या दिशेनं एकमेकांपासून १.२ मीटरपेक्षा लांब नकोत. आम्ही टेप लावून मोजत गेलो. काही घरांत गिलाव्यामुळं बांधांची तोंडं दिसत नव्हती, तिथं म्हाताऱ्या मालकिणीनं भिंतीवर बोट ठेवून जागा दाखवल्या. काहींनी माळवदाची माती उतरवून पत्रे टाकले होते. एका घरात पाच खणांपैकी दोन खणांच्या भिंतींत बांध होते, तीन तशाच.

चार पानं लिहून, स्केच काढून मी त्यांना पोस्टानं पाठवली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आभाराची एक ओळ होती आणि खाली अजून मोजायच्या पाच गोष्टींची यादी.